बालरुग्ण परिचारिकेसाठी नियतकालिके

पीअर रिव्ह्यू : लेख छापण्याआधी त्या विषयातले तज्ज्ञ तो तपासतात. आधी हे पाहावे.

आयएसएसएन : केवळ ओळखक्रमांक. दर्जाची हमी नव्हे; फसव्या नियतकालिकांकडेही तो असू शकतो.

इम्पॅक्ट फॅक्टर : आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना एका वर्षात मिळालेल्या संदर्भांची सरासरी. वॉर्डात लेख किती उपयोगी पडेल, हे त्यावरून कळत नाही.

भारतातली
• ‘नर्सिंग जर्नल ऑफ इंडिया’ : ट्रेन्ड नर्सेस असोसिएशनचे मुखपत्र, १९१० पासून. परिचर्येच्या सर्व शाखांसाठी.
• ‘इंडियन पेडिअ‍ॅट्रिक्स’ : बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे, १९६४ पासून. लिहिलेले डॉक्टरांसाठी, पण लसीकरणाच्या शिफारशी आणि उपचारांच्या मार्गदर्शक सूचना परिचारिकांनाही रोज लागणाऱ्या.

परदेशी
• ‘पेडिअ‍ॅट्रिक नर्सिंग’ (अमेरिका, १९७५)
• ‘जर्नल ऑफ पेडिअ‍ॅट्रिक नर्सिंग’ (अमेरिका, १९८६) : संशोधनावर भर.
• ‘अ‍ॅडव्हान्सेस इन निओनेटल केअर’ : नवजात अतिदक्षता विभागात नेमणूक असल्यास हे आधी.

वर्गणीशिवाय : ‘पबमेड’वर बहुतेक लेखांचे सारांश मोफत मिळतात. ‘पबमेड सेंट्रल’वर असलेले लेख पूर्ण वाचता येतात. नर्सिंग महाविद्यालयाच्या ग्रंथालयातही चौकशी करावी.