ओळखीचा शब्द आणि परक्याचा कागद
(हट्टा, ता. वसमत येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मंडळी, हट्ट्यात उभं राहून हळदीवर बोलायचं म्हणजे धाडसच आहे. पीक कसं घ्यावं हे मी तुम्हाला सांगणार नाही. ते परदेशात विकताना गैरसमज कुठे होतो, तेवढंच बोलतो.

आपल्या मोंढ्यात व्यवहार ओळखीवर चालतो. आडत्याला आपले वडीलही ओळखत होते. हळकुंड मोडून पाहिलं, आतला रंग दिसला, भाव ठरला. जर्मनीतला खरेदीदार आपल्याला ओळखत नाही. तो कागद मागतो : कुर्क्युमिन किती, ओलावा किती, कीटकनाशकाचा अंश किती, शिसं आहे का, माल कोणत्या शेतातला. मग आपल्याला वाटतं, हा आपल्याला चोर समजतो की काय! तसं नसतं. आपल्याकडे जे काम ओळख करते, तेच तिकडे कागद करतो.

हा फरक आपल्या देशाने हळदीवरच अनुभवलाय. हळदीने जखम भरते, यावर १९९५ साली अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक असलेली गोष्ट! पण 'आजीला विचारा' हे उत्तर तिथं चालणार नव्हतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्या संस्थेने जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३चा एक शोधनिबंध धरून ३२ लेखी संदर्भ पुढे ठेवले. १९९७ मध्ये पेटंट रद्द झालं. आपण खरे होतोच; जिंकलो ते लिहिलेलं दाखवता आलं म्हणून.

बोलण्याचंही तसंच. आपण 'बघू' म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा 'नाही' म्हणायचं असतं. समोरचा जर्मन मात्र ते शब्दशः घेतो आणि खरंच वाट बघत बसतो. उलट जपानी माणूस 'हाय' म्हणतो, म्हणजे 'हो'. पण पुष्कळदा त्याचा अर्थ 'ऐकतोय' एवढाच असतो. आपण घरी येऊन सौदा झाला म्हणून सांगतो! म्हणून बोलणं संपलं की त्याच दिवशी लिहून पाठवा : माल किती, प्रत कोणती, तारीख कोणती, पैसे कधी. जमणार नसेल तर तसं स्पष्ट लिहा. त्यात अपमान नाही.

२०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. नाव कागदावर आलं, चांगलं झालं. पण एका शेतकऱ्याच्या पोत्यात दोष निघाला आणि ते पोतं कुणाचं हे सांगता आलं नाही, तर अख्खा कंटेनर अडकतो. त्यात शेजाऱ्याचीही हळद असते. तेव्हा यंदा हळद शिजवाल, वाळवाल, पॉलिश कराल, तेव्हा पोत्यावर शेताचा क्रमांक टाका आणि फवारणीची वही ठेवा. परक्याशी ओळख तिथूनच सुरू होते.