एकोणतीस, तीस आणि त्याआधी एकतीस

मढच्या जेट्टीवरून फेरीबोट धरली की समोर वर्सोवा, आणि तिथून अंधेरीचे आरटीओ जवळच. पण या बोटीवर माणूस चढतो, टोपली चढते, मोटारसायकलही चढते. मोटार चढत नाही. तिला एरंगळ, आक्सा, मार्वे रोड, मालाड असा अख्खा वळसा घ्यावा लागतो. मढकराचे कागद आणि मढकराची गाडी दोन वेगळ्या वाटांनी आरटीओत पोहोचतात ते असे. जुनी घरची गाडी विकायला काढली की हीच गत होते. गाडी अंगणात असते, कागद भलतीकडेच असतात.

एक उदाहरण धरून चालू. गाडी १९९८ची मारुती ८००, नंबर एमएच-०२चा, कारण तेव्हा पश्चिम उपनगरांचा कारभार अंधेरीतूनच चाले. बोरिवलीचे एमएच-४७ नंतर आले. गाडी वडिलांच्या नावावर. २०१३मध्ये पंधरा वर्षे भरली तेव्हा त्यांनी नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. २०१६मध्ये ते गेले. थोरला मुलगा ती तशीच चालवत राहिला, मग एक दिवस ती बंद पडली आणि ताडपत्रीखाली गेली. आता मालाडहून एक जण आला आहे. म्हणतो, "रोख घ्या, एकोणतीस-तीसवर सह्या द्या, पुढचे आम्ही बघतो."

इथेच थांबायचे. एकोणतीस आणि तीस हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले फॉर्म. एकोणतीस नंबरने विकणारा कळवतो की मी गाडी दिली. तीस नंबरने दोघे मिळून नावबदल मागतात. दोन्हींवर विकणाऱ्याची सही लागते, आणि विकणारा म्हणजे ज्याचे नाव आरसीवर आहे तो. आपल्या उदाहरणात तो माणूस हयात नाही. मुलाने स्वतःची सही केली तर ती चालत नाही, आणि वडिलांची केली तर तो सरळ बनावट दस्तऐवजाचा गुन्हा होतो. काही घरांत वडिलांनीच कधीकाळी सह्या करून ठेवलेले कोरे फॉर्म कपाटात सापडतात. ते तर मुळीच बाहेर काढू नयेत. मृत्यूनंतरची तारीख घालून ते वापरणे म्हणजे पुरावा स्वतःच तयार करून देणे.

'मालक' हा शब्द इथे दोन अर्थांनी फिरतो, आणि बहुतेक गोंधळ त्यातूनच उभा राहतो. मोटार ही जंगम वस्तू आहे. मालविक्री कायदा, १९३० प्रमाणे घेणारा-देणारा दोघांच्या मनात असेल त्या क्षणी, म्हणजे बहुधा पैसे आणि किल्ली हातोहात बदलताना, मालकी जाते. घर विकताना लागतो तसा नोंदणीकृत दस्त इथे लागत नाही. पण मोटार वाहन कायदा, १९८८ स्वतःपुरती वेगळी व्याख्या करतो: ज्याच्या नावावर नोंदणी, तो मालक. म्हणजे गाडी विकून झाली, पैसे खर्चही झाले, तरी अपघाताच्या दाव्यात मालक तुम्हीच.

सर्वोच्च न्यायालयापुढे २०१८मध्ये आलेले नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार हे प्रकरण याच पेचाचे. नोंदणीतल्या मालकाने २००७मध्ये गाडी विकली होती. ती पुढे आणखी हातांत गेली. २००९मध्ये अपघात झाला आणि त्यात एक जीव गेला. नोंदणी मात्र पहिल्याच्याच नावावर होती. न्यायालयाने भरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली. अपघातग्रस्ताने एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे माग काढत फिरावे, अशी अपेक्षा कायदा करत नाही, हा त्यामागचा विचार. मला तो पटतो. ज्याला धडक बसली त्याला तुमच्या कोऱ्या सह्यांशी काय देणेघेणे?

तेव्हा आधी एकतीस. हा फॉर्म वारसासाठी आहे. कायद्याच्या कलम ५०मध्ये आणि नियम ५६मध्ये याची वाट आखलेली आहे: नोंदणीतला मालक वारला की ज्याच्याकडे गाडीचा ताबा आला त्याने तीस दिवसांत आरटीओला कळवायचे, तीन महिने गाडी वापरायची मुभा, आणि त्याच तीन महिन्यांत एकतीस नंबरचा अर्ज. दहा वर्षे उलटली म्हणून ही वाट बंद होत नाही. उशिराचा भुर्दंड पडू शकतो, एवढेच.

कायद्याचे शब्द इथे नीट वाचण्यासारखे आहेत. तो 'वारस' म्हणत नाही, 'ताबा ज्याच्याकडे आला तो' म्हणतो. पण खिडकीवरचा माणूस उद्या धाकट्या भावाची तक्रार येऊ नये म्हणून बाकीच्या सगळ्या वारसांची संमती मागतो, आणि ते योग्यच आहे. एकतीस नंबरने आरसीवर नाव चढले म्हणजे गाडीच्या किमतीतला बाकीच्यांचा वाटा बुडाला, असे होत नाही. नाव एकाचे, पैसे सगळ्यांचे. हे घरात आधीच बोलून घेतलेले बरे.

मग वारस कोण? हिंदू कोळ्याच्या घरात मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ लागतो: विधवा, मुलगे, मुली, आणि वडिलांची आई हयात असेल तर तीसुद्धा. आजीला लोक हमखास विसरतात. लग्न होऊन गेलेल्या मुलीला तर मुद्दाम विसरतात. शेजारच्या ख्रिस्ती घरात भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ चालतो. तिथे मुले असतील तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना समान, आजी त्यात येत नाही. एकाच गल्लीत दोन हिशेब.

कागद म्हणाल तर मृत्यूचा दाखला, सगळ्यांचे मिळून एक प्रतिज्ञापत्र, ज्याच्या नावावर गाडी करायची तो सोडून बाकीच्यांचे नाहरकतपत्र, आणि प्रत्येकाच्या ओळखीचे पुरावे. बहीण मस्कतला असेल तर तिची सही तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोने काम होत नाही. सगळ्यांचे एकमत असेल तर बहुधा एवढ्यावर भागते. भांडण असेल, किंवा एखादा वारस कुठे आहे हेच ठाऊक नसेल, तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला आणावा लागतो. तो ज्या कायद्याखाली मिळतो तो आहे १८२७ सालचा, मुंबई विनियम आठवा. पेशवाई जाऊन दहा वर्षेही झाली नव्हती तेव्हाचा कागद आज मारुती ८००च्या कामी येतो! पण कोर्टाचा खर्च आणि वेळ पाहता गाडीच्या किमतीपेक्षा तो दाखला महाग पडायचा. बँकेतले पैसे, घर, होडी अशा बाकीच्या गोष्टींसाठीही तो लागणार असेल तरच त्या वाटेला जावे.

एकतीस भरण्याआधी मात्र आरसी हातात घेऊन वाचायला हवे. जुने पुस्तक असेल तर पानन् पान. त्यात बँकेचे नाव दिसले तर एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, अजून उतरलेला नाही. हप्ते २००२मध्येच संपले असतील, पण फेडणे वेगळे आणि उतरवणे वेगळे. त्यासाठी बँकेचे नाहरकतपत्र आणि बँकेच्या सही-शिक्क्याचा पस्तीस नंबरचा फॉर्म लागतो. बँकच उरली नसेल तर? समजा कर्ज देना बँकेचे होते. ती १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदात विलीन झाली, म्हणून पत्र बडोदाने द्यायचे. टाइम्स बँक असेल तर एचडीएफसीकडे जा. ग्लोबल ट्रस्ट बँक २००४मध्ये ओरिएंटलमध्ये गेली आणि ओरिएंटल २०२०मध्ये पंजाब नॅशनलमध्ये, म्हणजे दोन उड्या. शाखेतल्या तरुण कर्मचाऱ्याला ही जुनी नावे ऐकूनही माहीत नसतात. जुने पासबुक, कर्जखात्याचा नंबर, शेवटच्या हप्त्याची पावती, जे सापडेल ते घेऊन जा आणि लेखी अर्जाची पोच घ्या.

आरसीच हरवली असेल तर पोलिसांकडे हरवल्याची नोंद करून सव्वीस नंबरने दुसरी प्रत मागायची; वारसाने ती एकतीसच्या सोबतच मागावी. त्यातही एक मेख आहे. कागदी पुस्तकांच्या काळातल्या काही गाड्या सरकारच्या 'वाहन' संगणकात चढलेल्याच नसतात, किंवा अर्धवट चढलेल्या असतात. नंबर टाकला की पडदा कोरा. मग कार्यालयात जाऊन जुन्या रजिस्टरवरून नोंद चढवून घ्यावी लागते, त्याला तिथे 'बॅकलॉग' म्हणतात. नोंद असली तरी ओटीपी वडिलांच्या बंद पडलेल्या मोबाइलवर जातो. त्यामुळे घरबसल्या ऑनलाइन काम होईल ही आशा अशा गाडीच्या बाबतीत सोडलेलीच बरी. थकलेली ई-चलाने, संपलेला विमा, पीयूसी हेही वाटेत आडवे येतात. आणि १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाड्यांना महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नंबर प्लेट सक्तीची झाल्यापासून, ती नसेल तर नावबदलासारखी कामे अडतात.

आता गाडीकडे वळू, कारण कागद बोटीने गेले तरी फॉर्मवर चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट लागते. नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासायची की अक्षरे उमटतात. मढच्या खाऱ्या वाऱ्यात उघड्यावर राहिलेल्या गाडीचा आधी तळपत्रा जातो, मग दारांच्या खालच्या कडा, आणि चेसिस नंबरावरही गंजाचा पापुद्रा चढतो. तो कानशीने किंवा ग्राइंडरने काढू नका. अंक पुसट झाला की गाडी चोरीची असल्याचा संशय येतो आणि मग साध्या कामाचे तपासणीत रूपांतर होते. थोडे रॉकेल आणि मऊ ब्रश यांनी भागते.

नोंदणी संपून गेलेली असल्याने पंचवीस नंबरने नूतनीकरणही करावे लागेल, आणि त्यासाठी गाडी निरीक्षकासमोर उभी करावी लागते. संपलेल्या नोंदणीची गाडी स्वतः चालवत मालाडपर्यंत नेणे हाच गुन्हा. टोइंगची गाडी सांगा. एप्रिल २०२२पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीचे नूतनीकरण ६०० रुपयांवरून ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० लागतात. वर राज्याचा पर्यावरण कर, विमा, प्लेट, डागडुजी. त्यापुढे नावबदलाची ३०० रुपये फी म्हणजे चिल्लर.

ही बेरीज एका कागदावर मांडा आणि गिऱ्हाइकाने सांगितलेली किंमत तिच्यासमोर लिहा. बऱ्याच घरांचा निर्णय इथेच होतो. माझे मत विचाराल तर गंजलेल्या मारुतीसाठी नूतनीकरणाच्या भानगडीत पडू नये. तिला सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्यावे. तिथेही वारसांचे कागद लागतातच, पण ते केंद्र 'सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट' देते, नोंदणी रद्द होते आणि नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दिली तर पत्रा जातो, नंबर मागे राहतो. मढच्या बंगल्यांत शूटिंग चालते, त्यामुळे 'सीनपुरती उभी करायची आहे, कागद नकोत' असे म्हणणारेही भेटतात. त्यांना विकू नका. सीन संपल्यावर ती कुठे जाते ते कोणी सांगत नाही.

गाडी चालती, बरी असेल आणि वारसाच्या नावावर झाली असेल, तर मग विक्री अगदी सोपी. आता एकोणतीस-तीसवर खरी सही होते. घेणाऱ्याचे नाव-पत्ता, तारीख आधी भरा, सही शेवटी. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. घेणारा दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर अठ्ठावीस नंबरचे नाहरकतही मागतात. नेणारा दलाल असेल तर तो आरटीओकडे अधिकृत नोंदलेला आहे का ते विचारा. डिसेंबर २०२२च्या नियमांनी, १ एप्रिल २०२३पासून, अशा दलालाला गाडी दिल्याची रीतसर नोंद पोर्टलवर करता येते आणि तेव्हापासून जबाबदारी त्याची. नोंदणी नसलेल्याच्या तोंडी हमीला किंमत नाही.

किल्ली देताना एक डिलिव्हरी नोट करा: तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा, दोघांच्या सह्या, घेणाऱ्याच्या आधारची प्रत. तारखेइतकीच वेळ महत्त्वाची, कारण चलान मिनिटावर येते. काचेवरचा फास्टॅग काढून बंद करा. विमा कंपनीला कळवा. त्यावरची 'नो क्लेम' सूट गाडीची नसते, विमा उतरवणाऱ्याची असते, तिचे पत्र मागून घ्या.

आणि दर आठवड्याला एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून पाहत राहा. घेणाऱ्याचे नाव तिथे दिसले, की मगच ती फाईल माळ्यावर टाका.