नडलेल्या विक्रेत्याच्या शोधात

अमेरिकेत घर विकू इच्छिणारा मालक बहुधा एजंटमार्फत त्याची नोंद सामायिक विक्री-यादीत करतो, ती यादी असंख्य ग्राहकांपर्यंत पोहोचते आणि त्यांच्या चढाओढीतून भाव ठरतो. घरे स्वस्तात घेऊन नफ्याने विकणाऱ्या गुंतवणूकदाराला मात्र ही चढाओढ सुरू होण्यापूर्वीच मालकाला गाठायचे असते, आणि म्हणून तो 'मोटिव्हेटेड सेलर'च्या, म्हणजे ज्याला भावापेक्षा सुटकेची घाई अधिक आहे अशा विक्रेत्याच्या शोधात असतो. हप्ते थकलेला कर्जदार, दूरच्या गावातील घर वारशाने मिळालेली भावंडे, घटस्फोट घेणारे दांपत्य, छपराची दुरुस्ती न झेपणारी वृद्ध व्यक्ती, असे हे विक्रेते असतात.

या शोधाचा खरा पाया जाहिरात नसून सरकारी दप्तर आहे. तेथील काउंटी कार्यालयांत, म्हणजे साधारणतः आपल्या जिल्हा पातळीच्या कार्यालयांत, घराचा मालक, त्यावरील गहाण आणि थकलेला मालमत्ता कर यांच्या नोंदी कोणालाही पाहता येतात. कराचे बिल घराच्या पत्त्याऐवजी दुसऱ्याच पत्त्यावर जात असेल, तर मालक तेथे राहत नाही असे अनुमान निघते. नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात गेलेल्या आणि जुने घर भाड्याने दिलेल्या मराठी कुटुंबाचे नावही अशा यादीत याच वाटेने शिरते. मृत व्यक्तीच्या मालमत्तेची न्यायालयीन वाटणी, म्हणजे प्रोबेट, हीसुद्धा बहुधा खुली नोंद असते. गहाण घराच्या जप्तीची कारवाई संघराज्याच्या नियमानुसार सामान्यतः हप्ता थकल्यापासून 120 दिवस उलटल्याखेरीज सुरू करता येत नाही, परंतु एकदा ती दाखल झाली की कुटुंबाची अडचण परक्यांनाही कळते. अशा याद्या तयार करून विकणाऱ्या कंपन्या आहेत, आणि एकच नाव दोन-तीन याद्यांत आढळले तर तो मालक अधिक निकडीत असल्याचे मानले जाते.

केवळ अडचण मात्र पुरेशी नसते. घराच्या बाजारभावातून शिल्लक कर्ज वजा केल्यावर मालकाचा जो हिस्सा उरतो, त्याला 'इक्विटी' म्हणतात, आणि ती मोठी असेल तरच मालकाला भावात सूट देणे परवडते. गुंतवणूकदारांचा प्रचलित आडाखा असा की, डागडुजीनंतर घराला जी किंमत येईल तिच्या 70 टक्क्यांतून दुरुस्तीचा खर्च वजा करावा. 3 लाख डॉलरच्या घराला 40 हजारांची दुरुस्ती लागणार असेल, तर देऊ केलेली रक्कम 1 लाख 70 हजारांपुढे जात नाही. दुरुस्तीचा खर्च धरूनही उरणारी ही 90 हजारांची तफावत मालकाला समजली आहे का, हाच या व्यवहारातील कळीचा प्रश्न होय.

यादीतील मालकांना टपालाने पत्रे पाठवतात, आणि बहुतेक पत्रांना उत्तर येत नसल्याने ती ठरावीक अंतराने पुन्हा पाठवली जातात. काही जण वस्त्यांतून गाडी फिरवून वाढलेले गवत आणि फळ्या ठोकलेल्या खिडक्या यांवरून ओस घरे हेरतात. काही जण 'रोख पैशांत घर घेतो' अशा पाट्या चौकांत रोवतात, ज्या सार्वजनिक खांबांवर लावणे अनेक शहरांत बेकायदा आहे. 1996 मध्ये डॅलस येथे सुरू झालेल्या होमव्हेस्टर्स या कंपनीने 'वी बाय अग्ली हाउसेस' हे घोषवाक्य मोठ्या फलकांवरून देशभर नेले. दूरध्वनीचा मार्ग मात्र जोखमीचा आहे, कारण 1991 च्या ग्राहकसंरक्षण कायद्यानुसार संमतीविना केलेल्या स्वयंचलित कॉल वा संदेशामागे 500 डॉलर, आणि जाणूनबुजून केल्यास 1500 डॉलरपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते.

सर्वाधिक वाद 'होलसेलिंग'वरून होतो. यात मध्यस्थ स्वतः घर विकत घेत नाही. तो मालकाशी करार करतो आणि त्या कराराचे हक्क चढ्या रकमेला खऱ्या खरेदीदाराकडे सोपवतो. अडलेल्या माणसाला पटकन ग्राहक मिळवून देणे ही खरोखरीची सेवा आहे, आणि जप्ती टळून हाती काही रक्कम उरणे हे लिलावापेक्षा कितीतरी बरे. परंतु समोरची व्यक्ती खरेदीदार नसून करार विकणारी आहे, हे मालकापासून दडवले तर त्या सेवेला लुबाडणूकच म्हणावे लागते. इलिनॉयने 2019 मध्ये असे व्यवहार वारंवार करणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला आणि 2021 मध्ये ओक्लाहोमानेही होलसेलिंगला आळा घालणारा कायदा केला. तथापि इतर राज्यांतील नियम एकसारखे नसल्याने, सही करण्यापूर्वी स्वतंत्र मूल्यांकन करून घेण्याची जबाबदारी तेथे आजही बव्हंशी विक्रेत्यावरच पडते.