आरशासमोरचा सूर

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर हुमनाबाद मागे पडले की काही वेळाने मन्नाएखेळ्ळी लागते. बीदर जिल्ह्यातील हे गाव. १९५६ साली हैदराबाद राज्याची विभागणी झाली आणि हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. परंतु राज्यांच्या सीमा बदलल्या तरी येथील ओसरीवर मराठी, कन्नड आणि दखनी एकत्रच नांदत राहिल्या. लग्नघरात तर त्यांचा मेळ विशेष जाणवतो.

अशा एखाद्या लग्नघराच्या माजघरात क्षणभर डोकवावे. नवरी पाटावर बसलेली आहे. हातांवरची हळद अजून पुरती उतरलेली नाही. थोरली आत्या घाण्याचे गाणे म्हणते आहे; तिचा श्वास संपतो न संपतो तोच शेजारच्या काकू कन्नडमधले सोबाने पद उचलतात. इतक्यात तालुक्याच्या गावाहून बोलावलेली प्रसाधन करणारी मुलगी येते, आपली पेटी उघडते आणि मोबाईलवर चित्रपटगीते लावते. आत्याबाई गप्प होतात. कोणी कोणाला दुखावलेले नसते. पण खोलीतला सूर बदललेला असतो, आणि त्याबरोबर नवरीच्या चेहऱ्यावरचा भावही.

हा बदल केवळ करमणुकीचा मानावा काय? चेहऱ्याला रंग लावताना कानावर काय पडते, याचा मनाशी आणि हाताच्या कौशल्याशी काही संबंध असतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधायला रंगभूमीइतके चांगले ठिकाण नाही. चेहरा रंगवणे आणि गाणे या दोन्ही गोष्टी तेथे शतकानुशतके एकाच छपराखाली चालत आल्या आहेत.

रंगपटातील साधना

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, सात्त्विक आणि आहार्य असे चार प्रकार सांगितले आहेत. चेहरा व अंग रंगवण्याची कला, म्हणजे अंगरचना, ही आहार्यात मोडते. त्याच ग्रंथात पूर्वरंगाचे वर्णन आहे. त्याची पहिली नऊ अंगे पडद्याच्या आडच करावयाची असतात, आणि ती बहुतेक वाद्यांची मांडणी, जुळवणी व गायनाची तयारी यांचीच आहेत. प्रेक्षकांना काही दिसण्यापूर्वी पडद्यामागे सूर लागलेला असावा, ही योजना मोठी अर्थपूर्ण वाटते.

केरळात कथकळीच्या दिवशी सांज होताच केळिकोट्टु नावाचे वादन होते. आज खेळ आहे, अशी त्याने पंचक्रोशीला वर्दी मिळते. आत नट उताणा निजलेला असतो, आणि तांदळाची पिठी व चुना यांची किनार त्याच्या गालांवर चढत असते. या कामाला काही तास लागतात. एवढा वेळ निश्चल पडून राहणाऱ्या माणसाच्या मनात त्या काळात पात्र हळूहळू उतरत असते. कर्नाटकातील यक्षगानाच्या चौकीत गणपतीची पूजा होते आणि कलावंत परंपरेने आपला चेहरा आपणच रंगवतात. आपल्या कोकणातील दशावतारी नटांचीही हीच रीत. मराठी नाटकाचे मूळ तरी कोठे आहे? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, त्यांतून प्रेरणा घेऊन विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ उभे केले. १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही आजच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. तेव्हा सीमेपलीकडचा सूर आपल्याला परका नाही.

युरोपातही हे नाते आढळते. पूर्वी नट चेहऱ्याला शिशाचा सफेदा लावीत आणि त्याने त्वचेची हानी होई. १८७३ साली बर्लिनमध्ये नटांसाठी सौम्य रंगांचा कारखाना काढणारा लुडविग लाइख्नर हा वाग्नरच्या संगीतनाटकांत गाणारा गायक होता. रंग आणि स्वर यांची गरज ज्याला एकाच संध्याकाळी भासत असे, अशा माणसाने ही सोय शोधावी, यात नवल नाही.

१२ मार्च १९११

या विषयाचा विचार करताना एक तारीख राहून राहून आठवते. १२ मार्च १९११ या दिवशी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग होता. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि भामिनीच्या भूमिकेत नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. त्या वेळी ते अवघे बावीस वर्षांचे होते. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलला असता तर कोणीही दोष दिला नसता. तरी ते रंगपटात गेले, चेहऱ्यावर रंग चढवला, शालू नेसले आणि भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले.

ही कथा आपण निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यातला आरशाचा क्षण आपण ओलांडून जातो. पित्याच्या चेहऱ्यावर लाडक्या श्रीमंत कन्येचा तोरा रंगवायचा, तोही त्या दिवशी! दुःखाने हात थरथरला तर भुवई वाकडी जाते. डोळा भरला तर काजळ ओघळते. अशा वेळी माणसाला पेलणारे काहीतरी हवे असते. त्या नटापाशी नव्या नाटकाची नवी पदे होती, तालमींत शेकडो वेळा घोटलेली. माझी तर अशी समजूत आहे की चेहरा बदलण्याआधी ज्याचा सूर बदलतो, त्यालाच असे रूपांतर साधते.

प्रयोगशाळा काय म्हणते?

अलीकडच्या संशोधकांनी या विषयाच्या आसपास बरेच काम केले आहे. २०१३ साली शस्त्रक्रियेपूर्वीच्या भीतीविषयी झालेल्या २६ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यांत २,०५१ रुग्ण होते. संगीत ऐकल्याने त्यांची भीती कमी होण्यास मदत होते, असा निष्कर्ष निघाला. २०१७ साली १५५ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात उल्हसित संगीत ऐकणाऱ्यांना शांततेत बसलेल्यांपेक्षा नव्या कल्पना अधिक सुचल्या. मात्र एकच अचूक उत्तर शोधण्याच्या कामी त्याचा लाभ दिसला नाही. उलट २०१९ साली ब्रिटनमधील संशोधकांना असे आढळले की शब्दकोडी सोडवताना पार्श्वसंगीत अडथळाच करते. ग्रंथालयातल्या हलक्या आवाजांचा तसा त्रास होत नाही.

हे प्रयोग प्रसाधनावर केलेले नव्हेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही प्रसाधन करणाऱ्या हाताला त्यांतून एक व्यवहारी विवेक मिळतो. कोणती साडी, तिला कोणता रंग शोभेल, केसांची ठेवण कशी असावी, हे ठरवताना मन मोकळे हवे. तेव्हा आवडीचे प्रसन्न गाणे खुशाल लावावे. परंतु काजळाची रेघ ओढताना किंवा दोन्ही भुवया सारख्या करताना नुसती सनई, संथ आलापी किंवा चक्क शांतताच बरी. आणि गाणे कोणाच्या आवडीचे? आरशासमोर जी बसली आहे तिच्या. पेटी घेऊन आलेल्या मुलीने एवढे विचारले तरी निम्मे काम झाले!

मन्नाएखेळ्ळीच्या माजघरातील बायकांनी हे शास्त्र पुस्तकात वाचलेले नव्हते. जवळच माणिकनगर आहे. तेथे माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) मराठी, कन्नड, हिंदी अशा अनेक भाषांतून पदे रचली, आणि दत्तजयंतीच्या उत्सवात गायनवादनाची सेवा आजही रुजू होते. अशा परिसरात कान आपोआप तयार होतात. कोणत्या घटकेला संथ गाणे म्हणावे आणि कोणत्या घटकेला थट्टेचे, हे आत्याबाईंना नवरीच्या चेहऱ्यावरूनच कळते. माहेर सुटण्याचे दुःख गाण्यातून आधी वाहून गेले, की मग डोळ्यांत काजळ टिकते.

म्हणून परगावी वसलेल्या आपल्या घरांना एक विनंती करावीशी वाटते. प्रसाधन करणारी मुलगी जरूर बोलवा. तिची कला मोठी आहे. मोबाईलवरची गाणीही असोत. पण नवरी आरशासमोर बसेल तेव्हा पहिली दहा मिनिटे आत्याबाईंसाठी राखून ठेवा. त्यांचा आवाज कापरा झाला असेल, एखादे कडवे विसरले असेल, मध्येच कन्नड ओळ आली असेल. ती गाणी कोठे छापलेली नाहीत, आणि ती म्हणणाऱ्या बायका आता दर घरी एखादीच उरली आहे.