बिडाचा तवा घेताना
घावन तव्यावरून अलगद सुटावं असं वाटत असेल, तर बिडाच्या तव्याला तोड नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड; त्यात कार्बन साधारण 2 ते 4 टक्के. जाड बिडाचा तवा तापायला वेळ लावतो, पण तापला की उष्णता धरून ठेवतो. गार पीठ पडलं तरी लगेच निवत नाही. मात्र बीड ठिसूळ असतं. फरशीवर आपटलं तर तडकतं.

घेताना बूड सपाट आहे ना, एवढं बघा आणि एका हाताने उचलून पाहा. मनगट कुरकुरलं तर लहान घ्या. नवा तवा धुऊन, पुसून, तेलाचा अगदी पातळ हात देऊन कडक तापवायचा. असं चार-पाच वेळा केलं की तेलाचाच काळा, टणक थर बसतो. नॉनस्टिकचं काम तोच करतो, आणि खरवडला गेला तर घरच्या घरी पुन्हा चढवता येतो. धुतल्यावर निथळत ठेवू नका, गंजेल. सरळ गॅसवर कोरडा करा.

चिंच-कोकमाची आमटी बिडाच्या कढईत नको. आंबटाने थर उतरतो, आमटी काळपटते. तिला जाड बुडाचं स्टीलचं पातेलंच बरं.