एका अमिनो आम्लाचा फरक

गर्भाशयमुखाच्या जवळजवळ प्रत्येक कर्करोगामागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही असतो. त्याचे दोनशेहून अधिक प्रकार आहेत. त्यांपैकी सोळावा आणि अठरावा हे दोनच प्रकार जगातल्या अशा सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारण ठरतात. सोळाव्या प्रकाराचा सगळा जनुकसंच जेमतेम ७,९०० अक्षरांचा, तर माणसाचा तीनशे कोटींचा. एवढ्याशा मजकुरातली ई६ आणि ई७ ही दोन जनुके पेशीच्या वाढीचा ताबा घेतात. ई७पासून तयार होणारे प्रथिन अवघ्या ९८ अमिनो आम्लांचे असते. अशा जनुकांना कर्कजनुके म्हणतात. त्यांतले एखादे अक्षर बदलले, म्हणजे उत्परिवर्तन झाले, की पेशीची वाढ कधी बेफाम होते, तर कधी आटोक्यात येते. कर्करोग मुळात कसा सुरू होतो, याचे पहिले ठोस उत्तर अशा उत्परिवर्तनांच्या अभ्यासातूनच मिळाले.

पहिले कर्कजनुक सापडले ते कोंबडीच्या विषाणूत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतल्या पेटन राउस यांनी कोंबडीच्या मांसल गाठीचा अर्क इतक्या बारीक गाळणीतून गाळला की एकही पेशी पार होऊ नये. तो अर्क टोचल्यावर दुसऱ्या कोंबडीला तशीच गाठ आली. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. नोबेल मिळाले तेव्हा, १९६६ साली, राउस ८७ वर्षांचे होते.

गाठ विषाणूच्या नेमक्या कोणत्या भागामुळे येते हे उत्परिवर्तनाने उघड केले. १९७० साली बर्कली येथे स्टीव्ह मार्टिन यांना राउस विषाणूचा एक तापसंवेदी वाण मिळाला. त्याची लागण झालेल्या पेशी ३६ अंश सेल्सिअसला कर्कपेशींसारख्या वाढत. तापमान ४१ अंशांवर नेले की त्याच पेशी पुन्हा सरळ वागू लागत. विषाणूची पैदास मात्र दोन्ही तापमानांना सुरूच राही. याचा अर्थ असा की पेशी बिघडवणारे जनुक विषाणूच्या स्वतःच्या जगण्याला लागतच नव्हते, आणि पेशीचा बिघाड टिकायला ते सतत चालू असावे लागत होते. या जनुकाला पुढे ‘सार्क’ हे नाव मिळाले. इतका स्वच्छ निष्कर्ष देणारे प्रयोग जीवशास्त्रात थोडे.

मग विषाणूकडे ते आले कुठून? सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल बिशप, हॅरॉल्ड व्हार्मस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवले की ते मूळचे कोंबडीचेच. निरोगी पेशीतले सार्क प्रथिन वाढीचा निरोप पुढे पोहोचवते आणि काम झाले की मिटते. त्याच्या शेपटाशी टायरोसिन हे अमिनो आम्ल असते. त्यावर फॉस्फेट बसले की कडी लागल्यासारखे प्रथिन बंद होते. विषाणूने हे जनुक उचलले तेव्हा शेपटाकडची १९ अमिनो आम्ले गळाली आणि त्यांच्या जागी १२ निराळी आली. कडीच गेल्यामुळे निरोप थांबेना.

एचपीव्हीची गोष्ट वेगळी आहे. ई६ आणि ई७ उसनी नाहीत, ती त्या विषाणूची स्वतःची जनुके आहेत आणि त्याला ती लागतातच. हा विषाणू त्वचेच्या आणि श्लेष्मल पडद्याच्या थरांत वाढतो. वरच्या थरांतल्या पेशींनी विभाजन थांबवलेले असते, आणि डीएनएच्या प्रती काढायची यंत्रणा विषाणूकडे नसते. म्हणून ई७ पेशीतल्या ‘आरबी’ या प्रथिनाला पकडते. पेशीला विभाजनापासून अडवून धरण्याचे काम आरबीचे. ते निकामी झाले की पेशी पुन्हा प्रती काढू लागते. असे अवेळी विभाजन सुरू झाले तर ‘पी५३’ हे दुसरे प्रथिन पेशीला मरायला लावते. त्याची विल्हेवाट ई६ लावते.

चामखिळी आणणाऱ्या सहाव्या प्रकारातही ई७ असते, पण त्याची आरबीवरची पकड ढिली असते. हा फरक कुठे दडला आहे हे १९९२ साली कळले. एका विशिष्ट जागी सहाव्या प्रकारात ग्लायसिन असते, सोळाव्यात ॲस्पार्टिक आम्ल. ती एक जागा बदलली की चामखिळीच्या ई७ची पकड घट्ट होते आणि पेशी बिघडवण्याची त्याची ताकद सोळाव्याच्या जवळ जाते. उलट दिशेने बदल केला तर सोळाव्याचे ई७ मवाळ होते.

तरीही बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातात. ई६ आणि ई७ यांना लगाम घालणारे ई२ हे जनुकही विषाणूकडेच असते. संसर्ग टिकला, तर कधीकधी विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात शिरतो. त्या तुटण्यात बरेचदा ई२ मोडते आणि लगाम सुटतो. हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली बाल्टिमोरमध्ये जॉर्ज गाय यांनी वाढवलेल्या ‘हेला’ पेशींत अठराव्या प्रकाराचे असेच तुकडे आहेत. पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे गाय यांच्याच प्रयोगशाळेत पेशीसंवर्धन शिकल्या, आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ते तंत्र रुजवले. अर्धे शतक अखंड विभागत आलेल्या हेला पेशींत २००० साली ई२ परत घातले गेले. ई६ आणि ई७ गप्प झाली आणि पेशी म्हाताऱ्या होऊन थांबल्या. मार्टिन यांच्या कोंबडीच्या पेशींनी जे दाखवले होते, तेच इथे माणसाच्या पेशींत दिसले.

उत्परिवर्तन म्हणजे धोका, या रूढ समजाला एचपीव्हीत छेद जातो. सोळाव्या प्रकाराची लागण झालेल्या ५,५७० स्त्रियांकडून घेतलेल्या विषाणूंचे जनुकसंच वाचून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कर्करोग झालेल्या स्त्रियांत ई७ जवळपास जसेच्या तसे होते. त्यात बारीकसारीक बदल आढळले ते मुख्यतः कर्करोग न झालेल्या स्त्रियांत. कर्करोग व्हायला हे जनुक धडधाकट असावे लागते. बदल साचतात ते पेशीच्या जनुकांत. पी५३ नसल्याने चुका दुरुस्त न होताच पेशी पुढे जाते. विषाणूचा डीएनए खराब करण्यासाठी पेशीकडे असलेली ‘अपोबेक’ विकरे तिच्याच डीएनएवर घसरतात, हा त्यातला क्रूर भाग.

हे सगळे व्हायला सहसा दहा ते वीस वर्षे जातात, आणि तपासणीला वाव मिळतो तो याच काळात. टाटा स्मारक केंद्र आणि चिपळूण तालुक्यातल्या डेरवणचे वालावलकर रुग्णालय यांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांत तपासणी शिबिरे घेतली आहेत. गर्भपिशवीच्या तोंडाशी ३ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल लावायचे आणि मिनिटभराने नुसत्या डोळ्यांनी पाहायचे, अशी शिबिरात चालणारी सोपी पद्धत आहे. भराभर विभागणाऱ्या पेशींत केंद्रक मोठे आणि प्रथिने दाट असतात, त्यामुळे तो भाग पांढरा दिसतो. ई७चा प्रताप असा प्रयोगशाळेवाचून नजरेला पडतो. मुंबईच्या वस्त्यांत याच पद्धतीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, १,३१,७४६ स्त्रियांच्या चाचणीत एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हाव्हॅक’ लशीला २०२२ साली मान्यता मिळाली. तिच्यात विषाणूच्या बाहेरच्या कवचाचे प्रथिन असते, ई६ आणि ई७ नसतात. म्हणून ती संसर्ग अडवते, पण ज्या पेशीत विषाणू आधीच शिरला आहे तिचे काही करू शकत नाही. अशा पेशींविरुद्ध प्रतिकारशक्ती जागवायला ई७च टोचायचे, तर ते निरुपद्रवी हवे. आरबीला पकडणारी जागा मुद्दाम उत्परिवर्तनाने मोडलेले ई७ वापरून अशा उपचारक लशी बनवण्याचे प्रयत्न सुरू आहेत.