पाव, पाणी आणि मान्यता



खारीतल्या आमच्या रविवारच्या प्रार्थनासभेला अजून ना चर्च आहे, ना नोंदणी. भाड्याची एक खोली आणि पंधरा-वीस माणसे. त्यांतली निम्मी मिठागरांच्या काठी राहणारी आदिवासी कुटुंबे. मागच्या पावसाळ्यात शेजाऱ्यांनी तक्रार केली : आवाज फार होतो, आणि आत चालते तरी काय? आम्ही लाऊडस्पीकर बंद केला, दार उघडे ठेवू लागलो आणि इंग्रजी चालीची गाणी सोडून टाळावर भजने घेतली. फरक पडला. शेजारची मुले दारात येऊन बसू लागली.

मग घरमालक नरमाईने म्हणाले, "ताई, प्रार्थना खुशाल करा. फक्त सभेनंतरचा चहा त्या बायकांना करू देऊ नका, आमच्या नळालाही हात नको. मग बघा, आजूबाजूचेही येतील." मी दोन रविवार गप्प राहिले.

या पेचात आपल्याआधीही माणसे सापडली आहेत. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. एक देव मानायचा, जातिभेद मोडायचा. सभासद ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खात, मुसलमानाच्या हातचे पाणी पीत, पण सारे दाराआड. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला जाऊन नावे बाहेर फुटली आणि सभा मोडली.

त्यांच्याच वर्तुळातून १८६७ मध्ये प्रार्थना समाज उभा राहिला. पुढे रानडे आणि भांडारकर त्यात आले. हे लोक उघड्यावर जमले, तुकोबांचे अभंग गायले, रात्रशाळा चालवल्या. लोकांनी त्यांना आपले मानले. पण सभासद होण्यासाठी जात मोडलीच पाहिजे, ही अट त्यांनी ठेवली नाही. घरातले जुने विधीही चालू राहू दिले. मी त्यांना नावे ठेवत नाही. याच समाजाचे विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ मध्ये अस्पृश्यांसाठी मिशन काढले. तरीही पहिल्या सभेने दाराआड का होईना जो पाव खाल्ला, तो दुसरीने उघड्यावर आणला नाही, हे मला खुपते.

आपले रेव्हरंड टिळक तिसऱ्या वाटेने गेले. कीर्तन, भजन, अभंग ही मराठी माणसाची भाषा त्यांनी ख्रिस्तासाठी वापरली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसावेत, ही त्यांची इच्छा. पेहराव, चाल, नाव सारे इथले, पण पंगतीतून कुणाला उठवायचे नाही. दोन वर्षांत ते वारले. दरबार फार वाढला नाही, तरी त्यांची पदे आजही आपल्या उपासनेत आहेत.

टाळ घेणे आणि नळ बंद करणे, ही दोन्ही जुळवून घेण्याचीच रूपे. पहिल्याने आपण शेजाऱ्याच्या जवळ जातो. दुसऱ्याने आपल्याच माणसाला दूर लोटतो. अंत्युखियात पेत्र असाच पंगतीतून मागे सरला होता आणि पौलाने त्याला सर्वांसमोर विचारले. गलतीकरांस पत्राचा दुसरा अध्याय मी डिप्लोमाच्या परीक्षेसाठी पाठ केला होता. मला विचारायला मात्र कुणी पौल नव्हता.

तिसऱ्या रविवारी चहा करणारी बाई आलीच नाही. मी तिच्या झोपडीवर गेले. तिने काही न बोलता चूल पेटवली, काळा चहा केला आणि पहिला पेला माझ्यासमोर ठेवला. मी माफी मागितली. ती म्हणाली, "बाय, आधी पी. निवेल."

त्या आठवड्यात आम्ही खोली सोडली. सध्या सभा तिच्याच अंगणात भरते. चटया कमी पडतात आणि पाणी दुरून आणावे लागते. जुन्या शेजाऱ्यांपैकी दोन मुले अजून येतात, आईला न सांगता. ते मला बरे वाटत नाही, म्हणून या रविवारी मी त्यांच्या आईला भेटायला जाणार आहे. जूनपूर्वी छप्पर असलेली जागा हवी. खारी-भाईंदर भागात कुणाला ठाऊक असल्यास कळवावे. नळाबद्दल आधीच बोलून घ्यावे.